दर्शनी हॉलमधील प्रक्षेपणाबाबत

घराला चार भिंती असतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात घराला एकच भिंत असते, जिच्यावर टीव्ही टांगलेला असतो. उरलेल्या तीन भिंती छत पडू नये म्हणून बांधाव्या लागतात. ज्या घरात सगळ्यांची तोंडं एकाच वेळी त्या भिंतीकडे वळतात ते घर नांदतं समजावं, आणि ज्या घरात प्रत्येकाचं तोंड आपापल्या तळहाताकडे असतं ते घर मोडलं समजावं, असं शिवलिंगअप्पांचं मत होतं. शिवलिंगअप्पांचं मत म्हणजे साधंसुधं मत नव्हे. तहसील कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. अव्वल कारकुनाचं मत साहेबांच्या निर्णयाआधी तयार असतं (निर्णय फक्त मताखाली सही करतो).

निवृत्तीनंतर अप्पा लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत राहत. घरात माणसं तीन: ते स्वतः, पत्नी शिवकांताबाई आणि मुलगी दामिनी. दामिनी शहरातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. सकाळी सातला जायची, दिवसभर लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन फोनमध्ये मान घालून बसायची. शिवकांताबाई स्वयंपाकघरात दुसऱ्या फोनमध्ये मान घालून बसत. हॉलमध्ये अप्पा टीव्हीसमोर एकटेच, मान ताठ ठेवून, घर नांदतं ठेवत.

हे दामिनीला दिसत होतं. गेल्या दिवाळीत तिने साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी आणली आणि टीव्हीच्या पाठीमागे खोचली.

"अप्पा, आता फोनवरचं काहीबी टीव्हीवर दिसतंय. फोनमधल्या ह्या चौकोनावर बोट ठेवायचं, बस. म्हंजे सगळ्यांनी मिळून बघता येतंय."

अप्पांना डबी आवडली, आणि आवडलेल्या गोष्टीत धोके किती आहेत हे त्यांनी त्याच संध्याकाळी शोधून काढलं. मुख्य धोका असा की डबीला वरिष्ठ-कनिष्ठ कळत नव्हतं. घरच्या वायफायला जोडलेला कुठलाही फोन टीव्हीचा ताबा घेऊ शके, आणि ज्याने शेवटी बोट लावलं त्याचं चित्र भिंतीवर. अप्पा भजन बघत असावेत, बुवांनी वरचा सूर लावण्यासाठी तोंड उघडलेलं असावं, आणि स्वयंपाकघरातून शिवकांताबाईंचं बोट लागलं की त्याच क्षणी पडद्यावर दोडक्याची साल निघू लागे.

"बसलेल्या माणसाखालची खुर्ची काढायची ही पद्धत," अप्पा म्हणाले, "आमच्या खात्यातसुद्धा आधी निदान आदेश काढत होते."

आठवड्यात नियमावली तयार झाली. ती टीव्हीशेजारी चिकटवण्यात आली. महत्त्वाचे नियम असे:

नियम एक. टीव्हीचे नाव 'दर्शनी हॉल (मुख्य)' असे राहील. (घरात दुसरा टीव्ही नव्हता, पण पुढेमागे झाला तर गोंधळ नको.)

नियम दोन. प्रक्षेपण करू इच्छिणाऱ्याने सोबतच्या नोंदवहीत नाव, विषय व कालावधी लिहून मगच बोट लावावे.

नियम तीन. स्वतः पूर्ण न पाहिलेला व्हिडिओ इतरांस दाखवू नये.

नियम चार. पडद्यावर संकोच वाटणारा मजकूर आल्यास उपस्थितांनी भिंतीवरील घड्याळाकडे पाहावे.

पहिल्या सहा महिन्यांत नोंदवहीत चारशे बारा नोंदी झाल्या. त्यातल्या दोनशे एक भाज्यांच्या, एकशे चाळीस नातेवाइकांच्या लग्नांच्या, साठ कुत्र्या-मांजरांच्या आणि अकरा 'चुकून' अशा होत्या. अप्पांच्या स्वतःच्या नोंदी शून्य. ते काही दाखवत नसत असं नव्हे. पण नियम करणाऱ्याने नियम पाळला की नाही, हे तपासणारी यंत्रणा घरात नव्हती.

आता दामिनीच्या लग्नाचा विषय. ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तोवर नऊ स्थळं येऊन गेली होती. एकाला मुलगी नोकरी करते म्हणून नको होती. दुसऱ्याला नोकरी सरकारी नाही म्हणून. एका घराने "कळवतो" असं कळवलं आणि त्यातच त्यांचं कळवणं पूर्ण झालं. प्रत्येक वेळी दामिनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नेहमीसारखी लॅबला गेली आणि शिवकांताबाईंनी पाहुण्यांच्या कपबशा दोनदा घासल्या. अप्पांनी नऊ स्थळांची एक फाईल केली होती. दुपारी घरात कोणी नसलं की ते ती काढत, पहिल्यापासून चाळत, कुठे काय चुकलं ते शोधत आणि परत बांधून ठेवत. एकतीस वर्षांत त्यांनी लोकांची अनेक प्रकरणं मार्गी लावली होती. घरचं एवढं एकच होतं आणि ते टेबलावरून हलत नव्हतं.

दहावं स्थळ लोह्याचं आलं. वैजनाथअप्पांचा मुलगा संगमेश. बी-बियाण्याचं दुकान बापलेक मिळून चालवत. घरात आई पार्वतीबाई. माणसं समाजातली, ओळखीतून आलेली. तरीही अप्पांनी ठरवलं की या वेळी कसलीही उणीव ठेवायची नाही. गुप्त चौकशी करायची. चौकशीसाठी त्यांनी दगडोबाला नेमलं. दगडोबा म्हणजे त्यांच्याच कार्यालयाच्या जीपचा निवृत्त ड्रायव्हर. गुप्त कामाला तो योग्य होता, कारण वीस वर्षं जीपच्या मागच्या सीटवरचं बोलणं त्याने ऐकलं होतं आणि कुणाला कळू दिलं नव्हतं (सगळ्यांना ते बोलणं माहीत होतं, पण ते दगडोबामुळे माहीत झालं हे कुणाला कळलं नव्हतं).

दगडोबा लोह्याला दोन दिवस राहिला आणि त्याने फोनवर सहा मिनिटांचा चौकशी अहवाल व्हिडिओ करून पाठवला. अप्पांनी तो चार वेळा बघितला. शिवकांताबाईंना दाखवला नाही. दामिनीला तर नाहीच.

पाहुणे दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराला यायचे होते. अप्पांनी कार्यक्रमाचे सात टप्पे पाडले. त्यातला तिसरा टप्पा 'मुलीचा परिचय (चित्रफीत)' असा होता. दामिनीची प्रमाणपत्रं, तिने काढलेल्या रांगोळ्या आणि तिसरीत असताना केलेलं भाषण, असं सगळं जुळवून त्यांनी चौदा मिनिटांचा व्हिडिओ तयार करून घेतला होता.

"अप्पा, मी घरातच हाय की," दामिनी म्हणाली. "मला टीव्हीत कशाला दाखवून राहिलात?"

"प्रत्यक्ष माणूस दहा मिनिटं दिसतो," अप्पा म्हणाले. "त्यात काय कळणार?"

पाहुणे वेळेवर आले. "शरणु शरणार्थी" असा नमस्कार-चमत्कार झाला. वैजनाथअप्पा हसतमुख आणि गोल. संगमेश उंबऱ्याशी थबकून आईच्या चपला नीट लावणारा. पार्वतीबाई ताठ, बारीक नजरेच्या. एका पायाच्या अंगठ्याला स्वच्छ फडक्याची पट्टी बांधलेली. बसल्या बसल्या त्यांनी पाणी मागितलं. मग आणखी मागितलं. तिसऱ्या तांब्याला शिवकांताबाईंना वाटलं, लोह्याहून उन्हातनं आल्यात, बिचाऱ्या.

हॉलमध्ये फोनला रेंज नव्हती. वैजनाथअप्पांनी तसं म्हणताच अप्पांनी वायफायचा पासवर्ड आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी पुढे केली. पाहुण्यांची काही अडचण आपल्याला आधी सुचली होती याचा त्यांना आनंद झाला. संगमेशने आईचा फोन जोडून दिला. नव्या दुकानाच्या पूजेचे फोटो त्यात होते, ते नंतर दाखवू म्हणाला. अप्पांनी त्याची नोंद वहीत केली: 'पाहुणे, दुकान, पाच मिनिटे'.

मग तिसरा टप्पा सुरू झाला. दामिनी स्वयंपाकघरात होती. पडद्यावर तिची प्रमाणपत्रं एकामागून एक येऊन गेली. रांगोळ्या येऊन गेल्या. तिसरीतल्या दामिनीने 'झाडांचे महत्त्व' सांगितलं. वैजनाथअप्पांनी दोनदा "वा" म्हटलं. चौदा मिनिटं संपली आणि शेवटी आलेलं कुटुंबाचं छायाचित्र मोठं करून दाखवावं म्हणून अप्पांनी फोनवर अंगठा फिरवला. अंगठा किंचित जास्त फिरला. पुढचा व्हिडिओ सुरू झाला.

"नमस्कार साहेब," पडद्यावर दगडोबा म्हणाला. "लोह्यातून बोलून राहिलो. हे मागं दिसून राहिलंय ते पाव्हण्यांचं घर. स्लॅब हाय. वरच्या मजल्याला गिलावा न्हाई, पर खालून दिसत न्हाई."

वैजनाथअप्पा पुढे वाकले. "आमच्या घरावानी घर हाय हे," ते कौतुकाने म्हणाले.

अप्पांनी रिमोट उचलला. पण चित्र फोनमधून येत होतं, आणि रिमोटच्या हातात फक्त आवाज होता. घाईत तो वाढला.

"पोराचा बाप," दगडोबा आता साऱ्या गल्लीला सांगू लागला, "घरी एकच चहा घेतो. डाक्टरनं सांगितलंय म्हणं. समोरच्या हाटेलात तीन घेतो. मी मोजले. हे बघा पोरगं दुकानात बसलंय. मी हरभऱ्याचं बी मागितलं, तर म्हणतंय घरचं असंल तर तेच उगवण बघून पेरा, इकतचं कशाला. साहेब, पोरगं धंद्यात बसंल असं वाटत न्हाई. आता पोराची आई. बाई लई तापट हाय म्हणतेत. शेजारणीला इचारलं, तर तिनं आधी दार लावून घेतलं, मंग सांगितलं."

शिवलिंगअप्पांनी घड्याळाकडे पाहिलं (नियम चार). अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. शिवकांताबाईंनीही घड्याळाकडे पाहिलं, पण मग त्यांनी अप्पांकडे पाहिलं, आणि अप्पा पुन्हा घड्याळाकडे वळले.

"हे काय हाय?" पार्वतीबाई उठून उभ्या राहिल्या.

"नमुना," अप्पा म्हणाले. "म्हणजे, एक नमुन्यादाखल..."

त्यांनी फोन दाबला. दगडोबा पहिल्यापासून सुरू झाला. "नमस्कार साहेब. लोह्यातून बोलून राहिलो."

इथे संगमेशने जे केलं ते भल्या मनाने केलं, हे नमूद करणं आवश्यक आहे. त्याचे कान लाल झाले होते, पण सासऱ्याच्या जागी बसू पाहणारा म्हातारा माणूस फोनशी झटतोय हे त्याला बघवेना. "थांबा काका, मी घालवतो त्याला," तो म्हणाला. शेवटी बोट लावणाऱ्याचं चित्र येतं, हे अप्पांनी मघाशी पासवर्ड देताना सांगितलं होतं. त्याने सोफ्यावरचा आईचा फोन उचलला आणि सगळ्यात वरच्या चित्रावर बोट ठेवलं.

"आरं, माझा फोन नको! दे इकडं!" पार्वतीबाई ओरडल्या.

दगडोबा गेला. पडद्यावर एक पंखा दिसला, मग भिंत, मग रबरी हातमोजे घातलेले दोन हात आणि एका बाईचा उघडा दंड. "मूठ आवळा, मावशी," दामिनीचा आवाज आला. "बारीक मुंगी चावल्यावानी होईल." एका हातातून रक्त देत दुसऱ्या हाताने चित्र काढणं हे सोपं काम नाही, तरी चित्र बऱ्यापैकी स्थिर होतं. मग एकदम रिक्षा, आणि पडदाभर पार्वतीबाईंचा चेहरा.

"अक्के, पोरगी बघून आले," चेहरा म्हणाला. "हात हलका हाय, टोचलेलं कळलंच न्हाई. बोलती गोड, पर ते गिऱ्हाइकाशी समदेच बोलतेत. केस किती लांब ते कळलं न्हाई, टोपी घातली व्हती. मी खोटं नाव सांगितलंय, सरजाबाई, मुक्काम मुरुड. फोन नंबरात बी एक आकडा बदलला. आता तू ह्यांना सांगू नको, मी तुझ्याकडं व्हते म्हण."

व्हिडिओ संपला. डबीने आपल्या पद्धतीप्रमाणे डोंगर आणि तळं दाखवायला सुरुवात केली.

खात्यात दोन वह्या एकमेकींशी जुळल्या की त्याला ताळमेळ म्हणतात, आणि तो जुळला की सगळ्यांना आनंद होतो. या हॉलमध्ये दोन्ही पक्षांची चौकशी अगदी समसमान जुळली होती, पण आनंद कुणालाच झालेला दिसला नाही.

"तू अहमदपूरला माहेरी गेलतीस ना?" वैजनाथअप्पांनी हळू आवाजात विचारलं.

"उतरले व्हते की अहमदपूरला," पार्वतीबाई म्हणाल्या. "मंग दुसऱ्या गाडीत बसले. तुम्ही आधी त्या तीन चहाचं सांगा."

तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष दाराकडे गेलं. दामिनी शिऱ्याच्या बश्यांचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणाला माहीत नाही. पाहुण्यांसमोर झालेली शोभा शिवलिंगअप्पांनी सोसली असती. पण मुलगी आता रडेल, किंवा ओरडेल, किंवा नऊ वेळा केलं तसं काहीच न करता आत जाईल, यातलं काहीही त्यांना सोसणार नव्हतं. दहावा कागद फाईलला कसा लावायचा याचा विचारसुद्धा त्यांच्या डोक्यात येऊन गेला.

दामिनीने ट्रे टेबलावर ठेवला. ती पार्वतीबाईंकडे निरखून बघत होती.

"सरजाबाई?" ती म्हणाली. "मुरुडच्या?"

पार्वतीबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"मावशी, तुम्हाला तीन आठवडे झाले शोधून राहिले मी. कुठं होतात तुम्ही?"

"मला? कशाला?"

"तुमचा रिपोर्ट न्यायला आलाच न्हाईत तुम्ही. चला, आत येता का जरा? आत बोलू."

"जे हाय ते हितंच बोल," पार्वतीबाई सोफ्यावर बसत म्हणाल्या. "आता लपवायचं काय राहिलंय?"

"साखर तीनशे बारा आलीय. उपाशीपोटी. तुम्ही दिलेला नंबर उदगीरच्या एका बोअरवेलवाल्याचा निघाला. चारदा फोन केला त्याला. शेवटी तोच म्हणला, ताई, मीच येऊन तपासून घेऊ का. मग मुरुडच्या आशा वर्करताईला गाठलं. गावात तीन सरजाबाई निघाल्या. तिघींचीबी साखर बघितली." (तिघींचीही बरी निघाली. त्यातल्या एकीने आपल्याला उगाच घाबरवल्याबद्दल लॅबला शिव्या दिल्या.)

"मला कुठली साखर," पार्वतीबाई म्हणाल्या, पण आवाज आता ताठ नव्हता. "मी साखर बघा म्हणलं, ते आपलं काहीतरी सांगायचं म्हणून. आत यायला निमित्त पाहिजे व्हतं."

दामिनी त्यांच्या पायाशी खाली बसली. "अंगठ्याला काय झालंय?"

"ठेच लागलती. पोळ्याला."

"पोळ्याला? दीड महिना झाला की." तिने हळूच पट्टी सोडली.

आतापर्यंतच्या नऊ कार्यक्रमांत दामिनी प्रत्येक पाहुणीच्या पाया पडली होती. या दहाव्यात तिने पहिल्यांदाच पाय बघितला. अंगठा सुजलेला होता, कडेने काळपट पडला होता. पार्वतीबाईंना तो दुखत नव्हता आणि त्यामुळेच त्या निर्धास्त होत्या. दामिनीच्या कपाळावर मात्र आठी पडली. तिने आतून आपली पिशवी आणली, बोटाला टोचलं, छोट्या यंत्रातला आकडा वाचला आणि यंत्र संगमेशला दाखवलं. तीनशे अडुसष्ट.

"पाय कापतेत का गं?" पार्वतीबाईंनी विचारलं. शेजारणीने दार लावून ज्यांच्याबद्दल बोलावं अशा बाईचा तो आवाज नव्हता.

"न्हाई. पण दाखवायचं ते आजच. उद्यावर ढकलायचं न्हाई." मग ती संगमेशकडे वळली. मुलीने मुलाला विचारायचे प्रश्न हा कार्यक्रमातला सहावा टप्पा होता. तो तिने तिथेच उरकला. "तुमच्या गाडीत मागं पाय लांब करून बसता येतंय का?"

"येतंय," संगमेश म्हणाला, आणि आईला उचलायला वाकला.

रविवार असल्यामुळे दामिनीने तिच्या ओळखीच्या डॉक्टरांना घरी फोन करून दवाखान्यात बोलावून घेतलं. सगळे गाडीत बसून गेले आणि शिवलिंगअप्पा हॉलमध्ये एकटे राहिले. शिऱ्याच्या सहा बश्या तशाच होत्या. त्यांनी नोंदवही उघडली, 'पाहुणे, दुकान, पाच मिनिटे' या ओळीपुढे 'झाले नाही' असं लिहिलं. मग वही मिटली, चप्पल घातली आणि रिक्षा करून दवाखान्यात गेले. निघताना टीव्ही बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, असं त्या घरात प्रथमच घडलं.

पार्वतीबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. अंगठा वाचला, नख गेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस गेले असते तर अंगठ्यावर भागलं नसतं. म्हणजे बाई खोटं नाव सांगून, खोट्या कारणाने, नवऱ्याशी खोटं बोलून लॅबमध्ये गेल्या म्हणून त्यांचा पाय वाचला. यातून काय बोध घ्यावा याबद्दल दोन्ही कुटुंबांत आजही एकमत नाही.

नऊ दिवस शिवकांताबाई ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी पोचवत. दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोन्ही अप्पा शेजारी शेजारी बसत. पहिले दोन दिवस ते एकमेकांशी फक्त वेळ विचारण्यापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी वैजनाथअप्पा म्हणाले, "गिलाव्याचं म्हणाल तर औंदा करणार हाव आम्ही."

"नका करू," शिवलिंगअप्पा म्हणाले. "खालून दिसत नाही." मग समोरच्या भिंतीकडे बघत, "चुकलं आमचं."

"आमचं बी," वैजनाथअप्पा म्हणाले. "चला, चहा घेऊ." तो त्यांचा त्या दिवशीचा चौथा होता. शिवलिंगअप्पांनी तो मोजला, पण कुणाला कळवला नाही.

घरी जायच्या दिवशी पार्वतीबाईंनी दामिनीचा हात धरला. "पोरी, आम्हाला तू पसंत हायस."

"मला अजून कुणीच पसंत न्हाई, मावशी," दामिनी म्हणाली. "तुम्ही मला खोट्या नावानं बघितलं, अप्पांनी तुम्हाला फोनातून बघितलं. मी अजून कुणालाच बघितलं न्हाई. मला दोन महिने पाहिजेत."

शिवलिंगअप्पा दारात उभे होते. दोन महिन्यांत माणसं फिरतात, हा त्यांचा अनुभव होता. त्यांना मध्ये पडून ही मुदतवाढ नाकारावीशी वाटली. पण त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पार्वतीबाईंची औषधांची पिशवी उचलली. त्यांच्या सेवाकाळातला तो सर्वात अवघड शेरा होता, आणि तो त्यांनी लिहिला नाही.

माणसं फिरली नाहीत. दर दुसऱ्या शनिवारी संगमेश आईला घेऊन लोह्याहून तीन तासांची वाट करून लॅबवर येई. आई आत रक्त देई, तो बाहेर बाकावर बसे, आणि दामिनीला वेळ मिळाला की दोघं बोलत.

"गिऱ्हाइकाला घरचं बी पेरा म्हणून सांगता," एकदा तिने विचारलं, "मग दुकान कशाला काढलं?"

"ज्याच्या घरी बी न्हाई त्याच्यासाठी," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही त्या तीन सरजाबाईंची तपासणी का केली? आईच्या वयाची त्यात एकच होती."

"वय बी खोटं सांगितलं असलं तर?" दामिनी म्हणाली, आणि दोघंही हसले. आतून पार्वतीबाई ओरडल्या, की आपण वय खरंच सांगितलं होतं.

दोन महिन्यांना एक आठवडा बाकी असताना दामिनीने संध्याकाळी हॉलमध्ये येऊन अप्पांना सांगितलं, "होय म्हणा लोह्याला." अप्पांनी "बरं" म्हटलं. ते आत गेले, नऊ स्थळांची फाईल काढली आणि पाण्याच्या बंबाखाली घातली. कागद जाळण्यासाठी लागणारी परवानगी त्यांनी कुणाचीही घेतली नाही. शिवकांताबाईंनी धूर बघून विचारलं तर म्हणाले, पाणी तापवतोय.

लग्न माघात लोह्याला झालं. दगडोबाला मानाचा फेटा बांधला. पार्वतीबाईंनी स्वतःहून त्याला त्या दार लावून बोलणाऱ्या शेजारणीशेजारी बसवलं. ज्यांना येणं जमलं नाही त्यांच्यासाठी लग्न फोनवरून थेट दाखवण्याची सोय होती. अक्षता पडल्या तेव्हा दामिनी हसत होती, एवढं शिवलिंगअप्पांना पडद्याशिवाय स्पष्ट दिसलं, आणि तेवढ्यापुरती त्यांची मान ताठ राहू शकली नाही.

या हकीकतीत काही त्रुटी राहिल्या आहेत, याची जाणीव आहे. मुलगी रंगाने कशी, उंचीने किती, संगमेशचं दुकान वर्षाकाठी किती मिळवतं, शेती एकूण किती एकर, आडनावं काय, लग्नात कुणी कुणाला काय दिलं, यातलं काहीच इथे नमूद नाही. दामिनीने विचारलं नाही, संगमेशनेही विचारलं नाही, म्हणून ते राहून गेलं. ज्या वाचकांना त्यावाचून कुठेही अडलं नाही, त्यांच्याबद्दल आदरच आहे. ज्यांना अगदी दहाव्या स्थळापाशीच अडलं, त्यांनीही मनाला लावून घेऊ नये. त्या रविवारी हॉलमधल्या सोफ्यावर एक जागा शेवटपर्यंत रिकामी होती. ती अशाच एखाद्या चौकशी करणाऱ्या वाचकासाठी सोडली होती, हे शिवलिंगअप्पांना अजून कळलेलं नाही.